एकाच तालुक्यातले कारखाने आणि रान

चाकण आणि भीमाशंकर ही दोन्ही ठिकाणे पुणे जिल्ह्याच्या एकाच खेड तालुक्यात येतात, हे चाकणला नोकरी करणाऱ्या फार थोड्या लोकांच्या ध्यानात असते. तालुक्याच्या दक्षिण अंगाला महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळी, निघोजे ही एकेकाळची शेतीची गावे आता कारखान्यांच्या आणि गोदामांच्या पत्र्याखाली गेली आहेत. वायव्येला, भीमा जिथे उगम पावते तिथे, १९८५ साली घोषित झालेले भीमाशंकर अभयारण्य आहे. पुणे, ठाणे आणि रायगड या तीन जिल्ह्यांत मिळून ते १३०.७८ चौरस किलोमीटर पसरले आहे. निगडीपासून निघून देहू, चाकण, राजगुरूनगर आणि भोरगिरी असा पट्टा मागे टाकत या रानापर्यंत गेले, की वाटेतले डोंगर एकामागून एक साक्ष देत जातात आणि माझे एक मत पक्के होत जाते. ज्या डोंगरावर माणसे पायी जात राहिली तो टिकला. ज्याच्याकडे पायी जायचे कुणाला कारण उरले नाही, त्याची खडी झाली किंवा त्यावर प्लॉट पडले. म्हणून संरक्षित रानातल्या पायवाटा सामान्य माणसासाठी खुल्या, खुणा केलेल्या आणि मर्यादेत वापरात ठेवणे हा रान राखण्याच्या कामाचाच भाग आहे, असे मी मानतो. वनरक्षणाची इच्छा असणारे अनेक जाणकार नेमके याच्या उलट बोलतात, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे मुळीच नाही. त्यामुळे ही वाट त्यांचे आक्षेप सोबत घेऊनच चालायला हवी.

पिंपरी-चिंचवड हे शहर कारखान्यांनी घडवले. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, साठच्या दशकात औद्योगिक विकास महामंडळाने जमिनी घेतल्या, टेल्को आणि बजाज आले, कामगारांच्या वसाहती झाल्या आणि १९८२ साली महानगरपालिका झाली. या सगळ्या घडामोडीत शहराच्या पोटात उघडा डोंगर फारसा उरला नाही. निगडीची दुर्गा टेकडी उद्यान म्हणून राखली गेली, तेवढीच काय ती मोठी उंच जागा. पुढे देहूरोड ओलांडून जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने सोमाटण्याकडे जाताना घोरावडेश्वराचा डोंगर येतो. त्याच्या कातळात बौद्ध लेणी आहेत, त्यांतल्या एकात आता महादेव आहे आणि महाशिवरात्रीला यात्रा भरते. या डोंगरावर पहाटे चढणारी माणसे पाहिली, की पायवाट काय करते ते समजते. कारखान्यातून निवृत्त झालेले, रात्रपाळी संपवून आलेले, दोन लेकरांना घेऊन आलेले असे सगळे तिथे असतात. गेली अनेक वर्षे स्वयंसेवकांनी इथे झाडे लावली, उन्हाळ्यात पाण्याचे कॅन खांद्यावर वाहून ती जगवली आणि वणव्याच्या दिवसांत गवत कापून जाळरेषा काढल्या. ही माणसे आधी निसर्गप्रेमी होती आणि मग डोंगरावर आली, असा क्रम बहुतेकांचा नसतो. आधी ती चालायला आली. रोजच्या चालण्यातून कोणते झाड सुकले, कुठे कुऱ्हाड पडली, कुठे आग लागली हे दिसू लागले, आणि मग हात कामाला लागले.

घोरावडेश्वर, भंडारा आणि भामचंद्र या तीन डोंगरांवर तुकोबा एकांतासाठी जात, अशी वारकरी परंपरा सांगते. भंडारा इंदोरीजवळ इंद्रायणीच्या खोऱ्यावर उभा आहे. भामचंद्र त्याच्या ईशान्येला, शिंदे-वासुलीच्या माथ्यावर, म्हणजे चाकण औद्योगिक वसाहतीच्या अगदी कुशीत आहे. भामचंद्राच्या कड्यातल्या गुहांत साधक राहतात, अभ्यास करतात, आणि खाली पाहिले तर कारखान्यांच्या छपरांची रांग दिसते. या डोंगराच्या पायथ्याशी डाऊ केमिकल्सचे संशोधन केंद्र उभारायचे ठरले तेव्हा, २००८ साली, गावकरी आणि वारकरी त्याविरुद्ध उभे राहिले. वारकरी नेते बंडातात्या कराडकर यांच्या नेतृत्वाखाली दिंड्या निघाल्या. त्या आंदोलनात जाळपोळही झाली. तिचे समर्थन करता येणार नाही. पण केंद्र अखेर तिथे झाले नाही. कंपनी चांगली की वाईट, धोका खरा होता की वाढवून सांगितला गेला, यावर आजही दोन मते आहेत. माझा मुद्दा वेगळा आहे. औद्योगिक पट्ट्यातल्या एका बोडक्या डोंगरासाठी महाराष्ट्रभरातून माणसे का आली? त्या डोंगराशी त्यांच्या पायांचे नाते होते म्हणून. सातबाऱ्यावर त्यांचे नाव नव्हते, त्यांच्या हातात वनखात्याचा कागद नव्हता, तरी डोंगर आपला आहे असे म्हणायला त्यांच्याकडे शतकांच्या पायपिटीचा आधार होता. आता त्याच पट्ट्यात मोशीच्या दगडखाणी पाहाव्यात. तिथेही उंचवटे होते, माळ होते. त्यांच्याकडे कुणाची वाट जात नव्हती. खाणीचे सुरुंग उडू लागले तेव्हा आजूबाजूच्या वस्तीने धुळीची आणि हादऱ्यांची तक्रार केली, पण टेकडी वाचवा असे म्हणणारा समूह तिथे तयारच झालेला नव्हता.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. भामचंद्र वाचला तो तुकोबांच्या पुण्याईने; पायांचा त्यात काय संबंध? देव किंवा संत असेल तर डोंगर राखला जातो, नसेल तर जातो. सत्तरच्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सह्याद्रीतल्या देवरायांचा जो अभ्यास केला त्यातूनही श्रद्धेने राखलेली राने हेच चित्र पुढे आले होते. हे मला मान्य आहे, पण अर्धेच. श्रद्धा हे जाण्याचे कारण आहे. राखण मात्र जाण्यायेण्यातून होते. ज्या देवरायांकडे गावाची वर्षाची फेरी, जत्रा, नवस थांबले, त्या देव असूनही तुटल्या. उलट जिथे देवाचा फारसा संबंध नाही, तिथेही चालणाऱ्यांनी डोंगर धरून ठेवल्याची उदाहरणे आहेत. पुण्यातल्या वेताळ टेकडीला देवाचे नाव आहे हे खरे, पण २०२३ साली तिच्यावरून जाणाऱ्या रस्त्याविरुद्ध मोर्चा काढणारे हजारो लोक रोज फिरायला येणारे होते. आणखी लांबचे उदाहरण इंग्लंडचे आहे. मँचेस्टर आणि शेफिल्ड या दोन कारखानी शहरांच्या मधोमध किंडर स्काउट नावाचे उंच पठार आहे. शिकारीसाठी राखलेल्या त्या खासगी माळावर पाय ठेवायला कामगारांना बंदी होती. २४ एप्रिल १९३२ रोजी बेनी रॉथमन या वीस वर्षांच्या तरुणाच्या पुढाकाराने काहीशे कामगार मुद्दाम ती बंदी मोडून वर चढले. पाचजणांना तुरुंगवास झाला. या चळवळीच्या रेट्यातून पुढे १९४९ साली राष्ट्रीय उद्याने आणि ग्रामीण भागात प्रवेश या दोन्हींचा एकत्र विचार करणारा कायदा आला, आणि १९५१ साली त्या देशातले पहिले राष्ट्रीय उद्यान नेमक्या त्याच परिसरात झाले. संरक्षण आणि पायवाट ही दोन मागणी-पत्रे तिथे वेगळी नव्हती. आपल्याकडचे अभयारण्य म्हणजे शिकारीचा माळ नव्हे, तिथल्या प्राण्यांचा हक्क आधी येतो, हा फरक मी विसरत नाही. त्या फरकामुळे वाट कशी असावी, किती जणांसाठी असावी हे बदलते. ती असावी की नाही, हे बदलत नाही.

चाकणच्या तळेगाव चौकातली वाहनांची गर्दी मागे टाकून नाशिक महामार्गाने राजगुरूनगरला आले, की तिथून पश्चिमेकडे वळायचे. हुतात्मा राजगुरूंचे हे जन्मगाव. पुढे चास, बाजीराव पेशव्यांच्या पत्नी काशीबाईंचे माहेर. तिथून भीमेवरच्या चासकमान धरणाचा फुगवटा सुरू होतो आणि कितीतरी वेळ डाव्या-उजव्या हाताला पाणी सोबत करते. वाडा गाव गेले की भाताची खाचरे लागतात. शिरगाव, टोकावडे करत रस्ता भोरगिरीला येतो आणि तिथे संपतो. राजगुरूनगरहून इथवर एसटी येते. दोन तासांच्या आत-बाहेर माणूस कंटेनरच्या रांगेतून महादेव कोळ्यांच्या वाडीत पोचतो, हे अंतर नकाशावर लहान वाटते आणि प्रत्यक्षात दोन जगांमधले असते. भोरगिरीत नदीकाठी कोटेश्वराचे जुने मंदिर आहे, मागे किल्ल्याची टेकडी आणि तिच्यातली लेणी. इथून भीमाशंकरला जाणारी पायवाट ही पश्चिम घाटातल्या संरक्षित रानांतल्या सर्वांत सौम्य वाटांपैकी एक म्हणता येईल. कोकणातून, कर्जत तालुक्यातल्या खांडसहून येणाऱ्या शिडीघाटाचा थरार तिच्यात नाही. गणेशघाटाची खडी दमछाकही नाही. ओढे ओलांडत, मोकळ्या सड्यांवरून, मग हळूहळू दाट होत जाणाऱ्या झाडीतून ती गुप्त भीमाशंकराच्या ओढ्याजवळ येते आणि तिथून देवळापाशी चढते. साधारण तब्येतीचा माणूस तीन-चार तासांत ती पार करतो.

या वाटेचे महत्त्व रान पाहिले की कळते. अंजनी, जांभूळ, हिरडा, आंबा यांची शेंडेदार छत्री वर मिटलेली असते. खाली भर दुपारी सुद्धा अंधूक असते, खालच्या थरात कारवी माजलेली असते, पावसाच्या आधीच्या दिवसांत काजवे आणि पावसाळ्यात रात्री कुजक्या फांदीवर उजळणारी बुरशी याच भागात दिसते. वर, दोन फांद्यांच्या बेचक्यात, काड्या-पानांची मोठी घरटी दिसतात ती शेकरूची. महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी आपले बहुतेक आयुष्य जमिनीवर न उतरता घालवतो. एका शेंड्यावरून दुसऱ्या शेंड्यावर झेप घेत तो खाणे शोधतो, घरटी बांधतो, शत्रूपासून पळतो. त्याला लागते ती सलग जुळलेली झाडी. आता पायवाट आणि रस्ता यांतला फरक मोजायचा तर शेकरूच्या जागेवरून मोजावा. माणूस एकापाठी एक चालेल एवढ्या रुंदीची वाट खाली जमिनीवर असते. वरचे छत तिच्यामुळे तुटत नाही. दोन गाड्या समोरासमोर जातील एवढा रस्ता, त्याची गटारे, त्याचे कापलेले काठ आणि काठावरची टपऱ्यांची ओळ मिळून छताला सरळ चीर जाते, आणि शेकरूला खाली उतरून डांबर ओलांडावे लागते. पायी येणारा माणूस रानात जेवढा गोंगाट करतो, तेवढा एका वळणावर कर्कश वाजणारा हॉर्न एका क्षणात करतो. रानाला माणसाचा त्रास होतो, हे खरेच आहे. पण तो त्रास कोणत्या वाटेने येतो हे न पाहता पायवाटेच्या तोंडाला फाटक लावायचे आणि रस्त्याचे रुंदीकरण मंजूर करायचे, या धोरणाला मी संरक्षण म्हणू शकत नाही.

कायदाही याबाबत समजला जातो तितका बंदिस्त नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २७ व्या कलमाने अभयारण्यातल्या प्रवेशावर निर्बंध घातले, पण तिथे राहणाऱ्यांना आणि सार्वजनिक मार्गावरून जाणाऱ्यांना त्याच कलमात वगळले आहे. २८ वे कलम अभ्यास, छायाचित्रण, संशोधन यांच्याबरोबर पर्यटनासाठीही परवाना देण्याची तरतूद करते. म्हणजे सामान्य माणसाने रान पाहावे, हे कायद्याने गृहीत धरलेले आहे. फक्त परवानगीने पाहावे एवढेच. त्याहून बोलका आहे १९२७ चा भारतीय वन कायदा. इंग्रज सरकारने हा कायदा इमारती लाकडाची मालकी पक्की करायला केला. लोकांचे भले करणे हा त्याचा हेतू नव्हता. तरीही त्याचे २५ वे कलम सांगते, की राखीव वनातली वाट बंद करायची असेल तर राज्य सरकारची पूर्वपरवानगी हवी आणि तिच्याऐवजी वापरता येईल अशी सोयीची दुसरी वाट असली पाहिजे किंवा करून दिली पाहिजे. माणसांची वाट मोडणे ही गंभीर गोष्ट आहे, एवढे त्या परक्या सरकारलाही मान्य करावे लागले होते. आज एखादी वाट बंद होते ती दोरी बांधून आणि फलक लावून. पर्यायी वाटेचा विचार त्या फलकावर सहसा नसतो.

वाटा बंद झाल्याने रान सुरक्षित होते हा समज किती फसवा आहे, याचे उदाहरण भीमाशंकरच्या शेजारीच आहे. खेड तालुक्यातल्या डोंगरमाथ्यांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ गटाने २०११ च्या अहवालात या प्रकल्पाची नोंद घेतली: अवजड यंत्रे वर चढवण्यासाठी उतार कापून रस्ते केले गेले, माती आणि राडारोडा खाली जलाशयांकडे वाहू लागला, आणि पिढ्यान् पिढ्या तिथे वावरणाऱ्या स्थानिकांना मात्र तपासणी नाके उभारून त्यांच्याच डोंगरावर अडवले जाऊ लागले. झाडी तुटत असताना तिथे पाहणारे कुणी नव्हते, आणि जे पाहू शकले असते त्यांना वाट नव्हती. वीज लागतेच, आणि वाऱ्याची वीज कोळशापेक्षा बरी, हेही खरे. पण जिथे अवजड ट्रकला वाट मिळते आणि हिरडा गोळा करणाऱ्या बाईला मिळत नाही, तिथे संरक्षण हा शब्द नेमका कुणापासून संरक्षण असा प्रश्न विचारतो.

आता दुसरा आक्षेप. वाटा खुल्या केल्या की गर्दी येते. गर्दीबरोबर प्लास्टिक, दारूच्या बाटल्या, मोठ्या आवाजातली गाणी येतात. पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून लाखो माणसे शनिवार-रविवारी बाहेर पडली, तर कोणते रान टिकेल? २०२३ च्या पावसाळ्यात लोहगडावर पर्यटकांची एवढी दाटी झाली की माणसे दरवाजांत तासन् तास अडकून पडली. हे मी नाकारत नाही, आणि खुली वाट म्हणजे मोकाट वाट असे म्हणतही नाही. पण उपाय आजमावलेले आहेत. साताऱ्याच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला ३००० माणसांची मर्यादा ठरवली गेली, आगाऊ नोंदणी सुरू झाली, आसपासच्या गावांच्या समित्यांनी व्यवस्था हाती घेतली. तिथे तक्रारी नाहीत असे नाही. कुंपणावरूनही बराच वाद झाला. तरी संख्या ठरवता येते आणि लोक ती पाळतात, एवढे कासने दाखवून दिले. भोरगिरीच्या वाटेला ३००० नव्हे, त्याच्या अगदी लहान अंशाची मर्यादा पुरेल. गावातल्या वाटाड्याशिवाय सोडायचे नाही, पाण्याची बाटली मोजून आत न्यायची आणि मोजून बाहेर आणायची, विणीच्या आणि फळधारणेच्या काळात काही भाग बंद ठेवायचा. हे नियम कठोर वाटले तरी चालतील. नियम असलेली वाट आणि वाटच नसणे यांत फार अंतर आहे. शिवाय कचऱ्याचा ढीग भोरगिरीच्या वाटेवर कुठे आहे आणि भीमाशंकरच्या वाहनतळाभोवती किती आहे, हे कुणीही जाऊन पाहावे. चार तास चालून येणारा माणूस पाठीवर जेवढे आणतो त्याला हद्द असते. डिकीला तेवढी हद्द नसते.

तिसरा आक्षेप जिवाचा आहे आणि तो जास्त वजनदार आहे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. १५ जून २०२५ रोजी इंदोरीजवळ कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या भाराने कोसळला आणि चारजण दगावले. कुंडमळा हा या औद्योगिक पट्ट्याचा अगदी घराजवळचा विसावा. तिथे गेलेली माणसे रविवारची सुट्टी घालवायला आलेली होती. अशा घटनेनंतर प्रशासनाने धबधबे, घाट, वाटा बंद केल्या तर दोष कसा द्यावा? पावसाळ्यात ओढ्याला अचानक येणारा लोंढा मीही हलक्यात घेत नाही, आणि ज्या तालुक्याला लागून ३० जुलै २०१४ ला माळीण गाव दरडीखाली गेले आणि दीडशेहून अधिक माणसे गेली, तिथल्या उतारांवर मुसळधार पावसात कुणी जाऊ नये हे मी ठामपणे म्हणेन. अभयारण्यातल्या धबधब्यांच्या वाटा पावसाळ्यात बंद ठेवण्याचा वन विभागाचा निर्णय योग्यच आहे. मात्र या अपघातांची जागा नीट पाहिली पाहिजे. भुशी आणि कुंडमळा ही दोन्ही ठिकाणे अशी आहेत जिथे गाडी जवळ जाते आणि हजारो माणसे एका बिंदूवर जमतात. माणसे बाहेर पडणारच. कारखान्याच्या आठवड्यानंतर त्यांना मोकळी हवा हवीच असते. त्यांच्यासाठी खुणा केलेल्या, पसरलेल्या, सोबतीला जाणता माणूस असलेल्या वाटाच नसतील, तर ती सगळी त्याच पाच-सहा ठिकाणी कोंबली जातील. सरसकट बंदीने धोका हटत नाही, तो एका जागी साठतो. ऑक्टोबर ते मे हे आठ महिने भोरगिरीसारखी वाट नीट चालवली, तर पावसाळ्यातल्या बंदीला लोक आजच्यापेक्षा अधिक मान देतील.

भाविकांचे काय, असे विचारले जाते. ज्योतिर्लिंगाला येणारी म्हातारी माणसे चालत कशी येतील? त्यांनी चालत यावे असे कुणी म्हणत नाही. मंचर-घोडेगावकडून येणारा रस्ता आहे, राहील. श्रावणात आणि महाशिवरात्रीला खासगी गाड्या अलीकडच्या वाहनतळावर थांबवून एसटीने भाविकांना पुढे नेतात, ही व्यवस्था उत्तम आहे आणि ती वर्षभर चालावी. वादाचा विषय आहे तो रस्ता आणखी रुंद करण्याचा. विकास आराखड्यांत वाहनतळ, रस्ते, पायऱ्या यांना जागा मिळते. देवळाकडे शतकानुशतके पायी येणाऱ्यांच्या वाटेला त्यांत जागा असल्याचे फारसे दिसत नाही.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत जास्त विचार करायला लावतो. चाकणमध्ये कंत्राटी काम करणाऱ्या, मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहारमधून आलेल्या आणि एका खोलीत पाच-सहाजण राहणाऱ्या तरुणाला या सगळ्याचे काय? त्याला पगार हवा, कायम नोकरी हवी. रानवाट ही सुखवस्तू माणसांची हौस आहे. पगार आधी, यात शंका नाही. पण रानाशी त्याचा संबंध नाही हे चूक आहे. भीमा आणि भामा या नद्या त्याच डोंगरांत उगवतात. भामा-आसखेड धरणाचे पाणी पुण्याच्या पूर्व भागाला जाते आणि पिंपरी-चिंचवडसाठीही त्यात वाटा ठरलेला आहे. त्या धरणासाठी ज्यांची जमीन गेली ते शेतकरी याच तालुक्यातले. रानही या पट्ट्यात येते: मार्च २०२२ मध्ये चाकणच्या मर्सिडीज-बेंझच्या कारखान्यात बिबट्या शिरला, काम थांबले आणि काही तासांनी वन विभागाने बचाव पथकाच्या मदतीने त्याला पकडून नेले. बिबट्या कुठून येतो, पाणी कुठून येते, हे ज्याने कधी पाहिलेच नाही त्याच्याकडून उद्या त्या रानासाठी चार शब्द कोण मागणार? आणि हौस म्हणायची तर स्वस्तात स्वस्त हौस हीच आहे. एसटीचे तिकीट, भाकरी आणि पाणी एवढ्यात ती होते. मॉलमध्ये एक दिवस घालवायला याहून जास्त पैसे लागतात. या पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. रविवारच्या गर्दीत न मिसळता रान पाहण्याची संधी पुण्यातल्या नोकरदारापेक्षा चाकणच्या कामगाराला अधिक आहे.

वाट चालवायची तर ती भोरगिरी, भिवेगाव, येळवली यांसारख्या अभयारण्याच्या आत-काठावरच्या गावांनीच चालवली पाहिजे. तिथल्या महादेव कोळ्यांना या वाटा घरच्यासारख्या ठाऊक आहेत. हिरडा, मध, गुरे आणि सोयरिकी यांसाठी त्यांनीच त्या जिवंत ठेवल्या. वापर थांबलेली वाट कारवी दोन-तीन पावसाळ्यांत गिळते. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावांना सामूहिक हक्क मागण्याचा आणि रान सांभाळण्याचा अधिकार दिला, आणि पुण्याच्या कल्पवृक्ष संस्थेने येळवलीत गावकऱ्यांसोबत याच दिशेने काम केले आहे. वाटाड्याची मजुरी, जेवणाचे पैसे, प्रवेशशुल्काचा वाटा गावात राहिला तर तरुण मुले चाकणच्या कंत्राटी रांगेत उभी राहण्याआधी दोनदा विचार करतील, आणि रानावर नजर ठेवणारे डोळे गावातच राहतील. वनरक्षकांची संख्या एवढ्या मोठ्या क्षेत्राला कधीच पुरणार नाही; गाव पुरेल.

या पट्ट्यातल्या कामगार संघटना बोनसच्या आणि सुरक्षिततेच्या मागण्या दरवर्षी लिहून देतात. त्यांनी यंदा एक पत्र जुन्नर आणि पुण्याच्या वन विभागालाही लिहावे, आणि कंपन्यांच्या सामाजिक निधीतून एकच गोष्ट मागावी: भोरगिरी ते भीमाशंकर या वाटेवर मराठी आणि हिंदीत लिहिलेले दिशाफलक, गावातल्या वाटाड्यांचे प्रशिक्षण, दिवसाची ठरलेली संख्या आणि गुरुवारी सकाळी राजगुरूनगरहून सुटणारी एक जादा एसटी.